खरकट्यावरचं बाशिंग

मला घाणीची शिसारी आहे आणि ती लपवायची मला कधी गरज वाटली नाही. खडकीला माहेरी आमच्या दोनच खोल्या होत्या, पण नळ घरात होता आणि दर रविवारी मोरीत फिनेल पडायचं. आई म्हणायची, गरिबी असली तरी चालेल, तिला वास नको. अशा घरातून मी लग्न होऊन रहाटणीला आले. आण्यांच्या जागी नवे पैसे यायच्या आधीची ही गोष्ट. रहाटणी तेव्हा पवनेच्या बाजूचं लहानसं खेडं होतं. सासरी गोठा, उकिरडा आणि स्वयंपाकघर एकमेकांना इतकं लागून होतं की माशांनासुद्धा कुठली जागा कशाची हे कळत नसेल.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. ठेंगणी, काळी, हाताला लोखंडासारखी पकड असलेली बाई. ती हाडं बसवायची. कुणी बैलगाडीखाली आलेला, कुणी विहिरीच्या पायरीवरून घसरलेला, असे लोक सकाळपासून आमच्या ओट्यावर कण्हत बसलेले असायचे. आत्याबाई मोडलेला भाग दाबून बघायची, माणूस बोंबलायचा, तिकडे दुर्लक्ष करून ती हाड जागेवर सरकवायची, वर लेप लावून बांबूच्या कांबट्या बांधायची. लेपाचा वास अंड्याचा आणि कुजक्या मुळाचा. जुन्या पट्ट्या धुवायचं काम घरच्या सुनेचं. त्या पट्ट्यांवर काय काय वाळलेलं असायचं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हाला जेवण जायचं नाही.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या हातात एक भगुलं दिलं. आदल्या रात्रीचं खरकटं पाणी, त्यात भाताची शितं, चहाचा चोथा, मासळी धुतलेलं पाणी आणि वर तरंगणारा तेलाचा तवंग.

"चल, तुला बाशिंग दावते," ती म्हणाली.

मला वाटलं, लग्नातली बाशिंगं कुठं टांगून ठेवली असतील, ती दाखवायची असेल काही रीत. तर ती मला गोठ्यामागच्या आंब्याकडे घेऊन गेली. खोडाच्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्या उंचीवर, एक झाड आंब्याला चिकटून वाढलेलं होतं. हेच ते बाशिंग. त्याला माती नव्हती. दोन तऱ्हांची पानं होती. वर लांब, हिरवी, फणीसारखी कातरलेली, आणि खाली खोडाला बिलगलेली आखूड, वाळकी, तपकिरी. ही वाळकी पानं एकमेकांत गुंतून त्यांचं परडीसारखं झालं होतं आणि त्या परडीत आंब्याचा कुजका पाला, पक्ष्यांची विष्ठा, मेलेले किडे आणि कित्येक वर्षांचं खरकटं भरलेलं होतं. पानांच्या बुडाशी अंगठ्याएवढं जाड मूळ खोडावरून सरपटत गेलेलं, त्यावर दाट तपकिरी लव. उंदीर चिकटून बसलाय असं मला वाटलं आणि मी एक पाऊल मागे सरकले.

"ह्या पानांत वतायचं. रोज सकाळी."

"झाडाला खरकटं?"

"मग काय मला घालतीस?" आत्याबाई म्हणाली.

मी नाकाला पदर लावून भगुलं उपडं केलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाक झाकून जेवाय वाढत्यात व्हय कुणाला?"

लेपातलं मूळ ते हेच. ह्या झाडाच्या मुळाशिवाय हाड सांधत नाही, अशी त्या घरात पक्की समजूत होती. आमच्या बाजूला पाऊस बेताचा, त्यामुळे हे झाड इथलं नव्हेच. आत्याबाईचं माहेर आंदर मावळात, डोंगरात, तिथून तिनं ते आणून आंब्यावर चढवलं होतं. तिथल्या झाडांवर ते आपोआप येतं म्हणे. इथं त्याला उन्हाळाभर ओली पोती गुंडाळायची, मूळ घ्यायचं ते मागच्या जुन्या टोकाचं, पुढचा सोनेरी लवेचा शेंडा कधी मोडायचा नाही, कापलेल्या जागी शेण लावायचं. हे सगळं तिनं मला पहिल्या महिन्यात शिकवलं, आणि शेवटी म्हणाली, "वाळक्या पानांना हात लावायचा न्हाई."

"का?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

असल्या उत्तरांचा मला भारी तिटकारा. मेलेली पानं काढायची नाहीत, ही कुठली रीत? माझी आई कुंडीतल्या तुळशीचं एक पिवळं पान राहू द्यायची नाही. पण सासूपुढं बोलायची सोय नव्हती. मी रोज भगुलं घेऊन जायची, पदर नाकाला, तोंड दुसरीकडे, आणि ओतून पळत सुटायची. श्रावणात त्या परडीतला वास पार स्वयंपाकघरापर्यंत यायचा. एकदा आतून बेडूक टुणकन माझ्या हातावर आला. एकदा गोगलगायींची रांग बाहेर पडली, चकाकती ओली रेघ मागे सोडत. हिरव्या पानांच्या पाठीवर तपकिरी पुळ्या उठल्या, त्या मला खरजेसारख्या दिसायच्या. आत्याबाई मात्र मोतीबिंदूचे डोळे बारीक करून झाडाखाली उभी राहायची आणि पुळ्यांवरून बोट फिरवून म्हणायची, "यंदा झ्याक आलंय."

मला एकच आशा होती. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला होता आणि तिथं भरती चालू होती. माझा नवरा सातवी शिकलेला, अंगानं धट्टाकट्टा. त्याचं नाव लागलं. संक्रांतीनंतर डॉक्टरची तपासणी, त्यात पास झाला की नोकरी, आणि पुढेमागे कंपनीची खोली. फरशीची, नळाची खोली. तिथं खरकटं मोरीतून वाहून जाईल आणि मला त्याचं तोंड बघावं लागणार नाही. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढे तो नळ असायचा.

तर त्या वर्षी घटस्थापनेच्या आधी घराची सफाई निघाली. आमच्याकडे तेव्हा सगळं घर बाहेर काढतात. वाकळा नदीवर जातात, भांडी राखेनं घासून उन्हात पालथी पडतात, भिंती सारवल्या जातात. आत्याबाई कुणाचा तरी खांदा बसवायला काळेवाडीला गेली होती. मी भांडी घासून मोकळी झाले आणि खरकटं ओतायला आंब्याकडे गेले, तर परडीतून वीतभर लांबीची, असंख्य पायांची घोण बाहेर आली आणि सरळ माझ्या मनगटावरून चालत गेली. मी किंचाळले. भगुलं हातातून पडलं. खरकटं माझ्याच पायांवर, लुगड्यावर.

बस्स, त्या क्षणी माझं टाळकं फिरलं. चुलीवर पाण्याचा हंडा उकळत होता. तो मी आणून त्या परडीत रिकामा केला. आतून आणखी दोन घोणी तडफडत पडल्या. मग मी शिडी लावली आणि ती वाळकी पानं एकेक करून ओरबाडून काढली. आतला काळा लगदा दोन्ही हातांनी उपसून उकिरड्यावर टाकला. उरलं ते केसाळ मूळ. एवढं केलंच होतं, तर तेही स्वच्छ करावं, असं मला वाटलं. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि तांब्याचा हंडा घासावा तसं ते मूळ घासलं. तपकिरी लव निघून पाण्याबरोबर माझ्या कोपरांपर्यंत ओघळत होती, नखांत भरत होती. आतून गुळगुळीत, हिरवट मूळ निघालं. किती दिवसांनी त्या घरात काहीतरी चकचकीत दिसलं. मला खरंच समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू. नखांतली लव मात्र दोन दिवस निघाली नाही.

पंधरवड्यात हिरवी पानं लोंबली. मी घाबरले, पण दिवाळीच्या पुढेमागे ती तशीही गळतात, नुसते माशाच्या काट्यांसारखे देठ उरतात, हे आत्याबाईनंच सांगितलं होतं. तिला तर वरचं नीट दिसत नव्हतं. मी रोज सकाळी भगुलं घेऊन जायची आणि त्या उघड्या खोडावर खरकटं ओतून यायची. ते खाली जमिनीवर सांडायचं आणि कुत्री येऊन चाटायची. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी मनात म्हटलं. खोलीत गेल्यावर कोण विचारतंय?

कार्तिकात बाजरीच्या सरमाडाची, म्हणजे वाळल्या ताटांची, गंजी रचताना माझा नवरा वरून खाली आला, तो उजव्या हातावर. मनगटाच्या वर हात वाकडा होऊन लोंबत होता. आतलं हाड कातडीखाली टोकदार दिसत होतं. मी म्हटलं, पुण्याला दवाखान्यात नेऊ. तो दात आवळून म्हणाला, "आई असताना?"

डॉक्टरच्या तपासणीला दोन महिने उरले होते. हात वाकडा राहिला, तर नोकरी गेली, खोली गेली, आणि मी जन्मभर गोठ्यामागे भगुलं घेऊन जाणार होते.

आत्याबाईनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाली, "पळ, मूळ घेऊन ये आन् वाट." वाटण सुनेनंच वाटायचं. हाड धरलेल्या बाईला हात सोडता येत नाही, म्हणून त्या घरात तसं ठरलेलंच होतं. मी आंब्याकडे धावले. मुळाला बोट लावलं, तर ते आत गेलं. काळं, बुळबुळीत, कुजलेलं. त्याला सुटलेला घाण वास बोटाला लागला तो लागलाच. मी तशीच पाट्यापाशी आले. आंबेहळद दुप्पट घेतली, अंडं फोडलं, दाटपणाला मूठभर बाजरीचं पीठ टाकलं आणि वाटलं. घाईत वरवंटा दोनदा पाट्यावरून घसरला.

आत्याबाईनं बोटभर लेप उचलला, नाकापाशी नेला आणि थांबली. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांवर तो दुधी पडदा होता, त्यामुळे तिला काय दिसलं ते मला कळेना.

"मूळ घातलंस?"

"हो."

तिनं लेप लावला, कापड गुंडाळलं, कांबट्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं भाकरी बांधून घेतली. "माहेरला जाऊन येते," म्हणाली, "भावाला बरं न्हाई." आणि गेली. चालतच गेली, दुसरं काय? मला इतका संताप आला! पोटचा पोरगा मोडका हात घेऊन तळमळतोय आणि ही बाई भावाकडे निघाली. कसली आई ही? मी नवऱ्याला तसं बोलूनही दाखवलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला ती परत आली. पाय सुजून खांबासारखे झालेले, टाचांच्या भेगा उलून त्यात चिखल आणि रक्त. पाठीवर एक ओलं गाठोडं होतं. डोंगरातला भाजीपाला आणला असेल, असं मला वाटलं. मी पाय शेकायला घमेल्यात कढत पाणी आणून ठेवलं आणि तोंड फिरवलं. त्या टाचा माझ्यानं बघवेनात. पाणी लाल झालं, ते उकिरड्यावर ओततानाही मी नाकाला पदर लावला.

"मामा कसे आहेत?" मी विचारलं.

"हाय बरा."

सकाळी पट्टी सोडून नवा लेप लावायचा होता. मी आधीच हळदीचं वाटण वाटून वाटीत भरून ठेवलं होतं, म्हणजे तिला पाट्याकडे यायचं कारणच उरणार नाही. आत्याबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिथं. तू वाकळा घेऊन नदीवर जा." मी आनंदानं गेले. परत आले तेव्हा नवी पट्टी बांधलेली होती आणि वाटी घासून ठेवलेली होती. उकिरड्यावर पिवळं काहीतरी पडलेलं, त्यावर माशा घोंगावत होत्या. कुत्रं ओकलं असेल, म्हणून मी त्यावर राख टाकली.

पुढे दर आठ दिवसांनी असंच. लेपाच्या दिवशी मला नदीवर पाठवायचं. मला काय, बरंच झालं. सूज उतरली, बोटं हलू लागली. मी आईला खडकीला पत्र लिहिलं की या लोकांचं मूळबीळ सगळं थोतांड आहे, मी नुसत्या हळदीवर हाड सांधवलं. ते पत्र आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

संक्रांत झाल्यावर पट्टी कायमची सोडली. कांबट्या निघाल्या. हात सरळ होता, अगदी पूर्वीसारखा. नवरा हसत सुटला, मूठ वळून वळून सगळ्यांना दाखवू लागला. हातावर लेपाचा वाळलेला थर बसला होता, तो धुवायचं काम माझ्याकडे आलं. मी ऊन पाणी घेतलं आणि खपली भिजवून बोटानं सोडवू लागले.

खपलीखाली त्याच्या कातडीला तपकिरी लव चिकटलेली होती.

मी ती लव ओळखली. एक अख्खी सकाळ मी ती राखेनं घासली होती, दोन दिवस नखांतून काढली होती. हळदीला लव नसते, अंड्याला नसते, बाजरीला नसते. गाठोड्यात काय होतं, आत्याबाई कुठे आणि कशाला गेली होती, वाटीतलं वाटण कुठे गेलं, टाचा कशानं फुटल्या, सगळं माझ्या हातात चिकटून आलं. मी उठले आणि गोठ्यामागे जाऊन ओकले. वर्षभर इतकी घाण काढली, पण ओकले त्या दिवशी. हात बघायला आलेली चुलतसासू पदर तोंडाला लावून खुदकन हसली. तिला वेगळीच शंका आली.

माझी तेव्हाही बोलायची छाती झाली नाही. तपासणीत डॉक्टरनं हात वर करायला लावले, मूठ वळवायला लावली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. नोकरी लागली. वर्षाच्या आत पिंपरीला खोली मिळाली.

निघायच्या दिवशी गाडीत सामान भरून झालं तेव्हा आत्याबाई गोठ्यामागून ओल्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. आत हातभर मूळ, दोन कोवळी पानं आणि सोनेरी लवेचा शाबूत शेंडा.

"त्या गाठोड्यातलंच हाय. उरलेलं गोठ्यामागं जगवलं. तिकडं आंबा न्हाई मिळायचा. फळीला बांध. वाळकी पानं काढू नको, त्यातच त्याचं जेवान साठतं."

"हे तेव्हाच सांगितलं असतं तर..."

"चुकलंच माझं. मला बी कुणी सांगितलं नव्हतं."

"आत्याबाई, मी ते झाड..."

"ठावं हाय. काळेवाडीसनं आले तवा आंब्याच्या बुडाला राख व्हती. आमी आंबा कवा घासत न्हाई. पर मूळ मेलंय ते लेप हुंगल्यावर कळलं." ती हसली. समोरचे दोन दात नव्हते तिला.

"मग बोलला का नाहीत?"

"त्याचा हात मोडल्याला. त्या वक्ताला त्याला कळलं असतं, तर जल्मभर त्यानं तुला तसंच बघितलं असतं. लेपाचं काय, मूळ मी जाऊन आणलं."

मला माफी मागता आली नाही. मी वाकले आणि तिच्या पायांना हात लावला. टाचांच्या भेगा बोटांना लागल्या, खरखरीत, अजून पुऱ्या न मिटलेल्या. लग्नात नमस्कार केला तेव्हा मी बोटं टेकवल्यासारखी करून काढून घेतली होती.

पुढच्याच वर्षी ती गेली. रहाटणीचा आंबाही नंतर कुणीतरी तोडला.

बाशिंग आमच्या पिंपरीच्या खोलीत मोरीवरच्या फळीला बांधलं होतं. मुळानं लाकूड धरलं आणि तपकिरी पानांची परडी पुन्हा तयार झाली. त्यानंतर तीन घरं बदलली, ते प्रत्येक घरी बरोबर आलं. शेजारणी वासाची तक्रार करतात. करणारच. पावसाळ्यात तो वास जिन्यापर्यंत जातो, आणि परवाच आतून एक घोण निघाली. किळस म्हणाल तर जशीच्या तशी आहे, एवढ्या वर्षांत तसूभर कमी झालेली नाही. मोरी मी अजून फिनेलनं धुते.

पण सकाळी भगुल्यातलं खरकटं त्या पानांत ओतताना मी नाकाला पदर लावत नाही.